पट्टी सुटल्यानंतर

माझ्या आजीच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन आर्वी तालुक्यातल्या एका शाळेत झाले. वर्गातली बाके बाहेर काढून फरशीवर गाद्या घातल्या होत्या. खडूच्या धुळीचा आणि फिनेलचा मिसळलेला वास मला अजून आठवतो. ऑपरेशननंतर दोन्ही डोळ्यांवर पट्टी, उशाला वाळूच्या पिशव्या आणि डोके हलवायचे नाही अशी ताकीद. पट्टी सुटली, तिला डॉक्टरांच्या हाताची बोटे मोजता आली, आणि शिबिराच्या वहीत तिच्या नावापुढे यशस्वी असा शेरा पडला. पुढे दीड महिन्याने जाड भिंगांचा चष्मा आला. त्यातून प्रत्येक वस्तू पाव हिस्सा मोठी दिसायची, दाराची चौकट वाकडी दिसायची, बाजूने आलेले माणूस एकदम अंगावर आल्यासारखे वाटायचे. कपात ओतलेला चहा बशीत जायचा. वर्षभराच्या आत चष्म्याची काच फुटली. नवा चष्मा करायला वर्ध्याला कोण नेणार? "चष्मा गेला त माह्ये डोये गेले," असे म्हणून आजी ओसरीवर बसली, ती शेवटपर्यंत तिथेच बसून राहिली.

वहीतला तो शेरा खोटा नव्हता. ऑपरेशन झालेच होते. फक्त पट्टी सुटल्यानंतरच्या वर्षात त्या बाईचे काय झाले, हा प्रश्न वहीत कुठेच नव्हता. पुढे मी डोळ्यांचा डॉक्टर झालो, याच वर्धा जिल्ह्यात काम केले, विद्यार्थ्यांना शिकवले. जे काही शिकलो त्याचे सार माझ्यापुरते एवढेच आहे की डोळ्यांच्या आजारावरचे संशोधन त्या प्रश्नापासून सुरू होते. हे पुस्तक त्याच प्रश्नाच्या मागे लागून लिहिले आहे.

या विषयात नव्याने येणाऱ्या वाचकाला आधी डोळ्याचा नकाशा लागेल. आपल्या भाषेत तो अर्धा तयारच आहे. समोरची पारदर्शक काच म्हणजे पारपटल. तिच्यावर पांढरा डाग पडला की आपण फूल पडले म्हणतो. आतले भिंग गढूळ झाले की मोतीबिंदू. पापण्यांच्या आत दाणे उठले की खुपऱ्या. संध्याकाळी दिसेनासे झाले की रातांधळेपणा. जवळचे अक्षर धूसर झाले की चाळिशी. वडस, रांजणवाडी, डोळे येणे, हे शब्द प्रत्येक घरात आहेत. पण डोळ्याच्या मागच्या भागाकडे गेलो की शब्द संपतात. तिथल्या सगळ्या दुखण्यांना मिळून आपल्याकडे एकच बोली आहे, "पडदा खराब झाला." हे आपल्या भाषेचे उणेपण नाही. जिवंत माणसाच्या डोळ्याचा मागचा पडदा कोणालाच दिसत नव्हता. १८५१ मध्ये जर्मनीत हेल्महोल्ट्झने नेत्रदर्शक यंत्र दाखवले तेव्हा पहिल्यांदा तिथली शिरांची जाळी आणि नेत्रनसेचे पिवळसर वर्तुळ माणसाच्या नजरेस पडले. त्यानंतर सहाच वर्षांनी बर्लिनमध्ये फॉन ग्रेफेने काचबिंदूवर शस्त्रक्रिया सुरू केली. आजही नेत्रविद्येचे दोन मोठे प्रदेश मानावेत ते असेच. पुढचा प्रदेश चाकूने बराचसा जिंकला गेला. मागच्या प्रदेशात लढाई अजून चालू आहे, आणि तिथे गेलेली नजर बहुधा परत येत नाही.

पुढच्या प्रदेशाचा इतिहास आपल्याच अंगणातून निघतो. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात डोळ्यांचे ७६ विकार सांगितले आहेत आणि शलाकेने मोतीबिंदू बाजूला सारण्याची क्रिया वर्णिली आहे. ही क्रिया शेकडो वर्षे गावोगाव फिरणाऱ्या लोकांच्या हाती राहिली. गढूळ भिंग सुईने मागे ढकलले की तत्क्षणी दिसू लागे. भिंग मात्र डोळ्यातच राही. मग सूज, दाब, वेदना आणि पुष्कळदा कायमचा अंधार. तोवर सुई चालवणारा पुढच्या गावी गेलेला असे. आपल्या परंपरेचा मला अभिमान आहे, म्हणूनच हे स्पष्ट लिहितो. त्या कौशल्यात उणे होते ते हाताचे नव्हते. परत येऊन पाहण्याची रीतच नव्हती.

१७४७ मध्ये फ्रान्समध्ये दाव्हिएलने भिंग डोळ्याबाहेर काढले आणि आधुनिक शस्त्रक्रिया सुरू झाली. विसाव्या शतकाच्या आरंभी पंजाबात जालंधरला हेन्री स्मिथ पूर्ण भिंग आवरणासकट काढत होता. त्याची पद्धत जगभर चर्चेत आली. महाराष्ट्रात मिरजेला डॉ. वॉनलेस यांच्या मिशन रुग्णालयात दूरदूरहून लोक डोळ्यांसाठी येत. मोग्याचे डॉ. मथुरादास आणि कर्नाटकातले डॉ. मोदी यांनी हजारोंच्या शिबिरांची परंपरा उभी केली. माझी आजी त्याच परंपरेच्या शेवटच्या टप्प्यातली. या शिबिरवाल्यांना आज नावे ठेवणे सोपे आहे. पण रस्ते नव्हते, दवाखाने नव्हते, आणि म्हातारपणी आंधळे व्हायचेच असे घरोघरी मानले जात होते. अशा काळात त्यांनी माणसाला दिसू शकते हा विश्वास खेड्यात पोचवला. त्यावाचून पुढचे काहीच घडले नसते.

आजीचा जाड चष्मा ज्याने संपवला तो शोध १९४९ चा. महायुद्धातल्या वैमानिकांच्या डोळ्यात विमानाच्या छताचे पर्स्पेक्सचे तुकडे घुसले तरी डोळा त्यांना विरोध करत नाही, हे लंडनच्या हॅरल्ड रिडलीने पाहिले होते. त्याच जातीच्या प्लॅस्टिकचे भिंग करून त्याने ते डोळ्यात बसवले. समव्यवसायी कित्येक वर्षे त्याच्या विरोधात होते. हे भिंग आपल्याकडच्या गरिबाच्या डोळ्यात जायला मात्र पुढे चार दशके लागली, कारण आता अडचण किमतीची होती. मदुराईत डॉ. वेंकटस्वामींनी १९७६ मध्ये ११ खाटांनी अरविंद रुग्णालय सुरू केले. त्याच परिवारातली ऑरोलॅब १९९२ पासून आयात भिंगाच्या किमतीच्या लहानशा भागात भिंगे बनवू लागली. १९७६ मध्येच राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला होता. १९९४ ते २००२ या काळात जागतिक बँकेच्या साहाय्याने सात राज्यांत मोतीबिंदू प्रकल्प चालला, त्यात महाराष्ट्र होता. शाळेतले ऑपरेशन बंद झाले. शिबिरात तपासायचे आणि ऑपरेशन पक्क्या रुग्णालयात करायचे, ही पद्धत आली. डोळ्यात पू होऊन डोळा जाण्याची धास्ती त्यामुळे खूप कमी झाली.

यानंतरचा एक अध्याय आपल्या पुण्यात लिहिला गेला. मराठी वाचकाला तो बहुधा ठाऊक नाही, म्हणून त्यावर थोडा थांबतो. भिंग बसवायचे तीन मार्ग होते. पहिला, मोठा छेद आणि टाके. दुसरा, ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडून शोषून घेणारे महाग फेको यंत्र. तिसरा, सहा-सात मिलिमीटरचा तिरपा बोगद्यासारखा छेद, जो आतल्या दाबानेच आपोआप मिटतो आणि ज्याला टाका लागत नाही. हा तिसरा मार्ग स्वस्त होता, पण स्वस्त म्हणजे दुय्यम का? मोठमोठ्या परिषदांत मते ठोकून दिली जात होती. हडपसरजवळच्या ह. वि. देसाई नेत्र रुग्णालयात डॉ. परीक्षित गोगटे आणि सहकाऱ्यांनी मते बाजूला ठेवून मोजणी केली. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे रुग्ण दोन गटांत वाटले, आणि ज्याने ऑपरेशन केले त्याच्या शब्दावर निकाल सोडला नाही. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या अभ्यासात ७४१ रुग्ण होते. सहा आठवड्यांनी चष्म्याशिवाय चांगले दिसणाऱ्यांचे प्रमाण टाके घातलेल्या गटात ३७.३ टक्के, तर बिनटाक्याच्या गटात ४७.९ टक्के. २००५ च्या दुसऱ्या अभ्यासात ४०० डोळे, एकीकडे फेको आणि दुसरीकडे बिनटाक्याची साधी पद्धत. चष्म्याविना फेको थोडे सरस ठरले. योग्य चष्मा दिल्यावर दोन्हीकडे ९८ टक्क्यांहून अधिक रुग्णांना चांगले दिसत होते.

या आकड्यांत दोन गोष्टी दडल्या आहेत. साध्या यंत्रांनिशी तालुक्याच्या ठिकाणी काम करणारा डॉक्टर आपल्या रुग्णाला उरलेसुरले देत नाही, हे सिद्ध झाले. माझ्यासारख्या कित्येकांची मान त्या दिवशी ताठ झाली. आणि ऑपरेशन कितीही चांगले असले तरी नंतरचा चष्मा मिळाला नाही तर अर्धे काम वाया जाते, हेही दिसले. ओसरीवरच्या आजीने मला तेच सांगितले होते.

आता वर्ध्याकडे येतो. या जिल्ह्याला दोन वारसे आहेत. पहिला सेवाग्रामचा. गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, डॉ. सुशीला नायर यांनी तिथे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू केली. खेड्यात वैद्यकीय महाविद्यालय ही कल्पनाच तेव्हा अनेकांना पटत नव्हती. नवा विद्यार्थी आधी आश्रमात राहतो, मग त्याच्या तुकडीला एक गाव नेमून दिले जाते, आणि तिथल्या घरांत तो वारंवार जातो. कस्तुरबा रुग्णालयाच्या आरोग्य विमा योजनेत गावकऱ्यांनी सुगीनंतर ज्वारी देऊन वर्गणी भरली आहे. नेत्ररोगाच्या पुस्तकात ज्वारीचे काय काम, असे कोणी विचारेल. पाठीमागे गाव ओळखीचे असेल तरच ऑपरेशननंतर सहा आठवड्यांनी, सहा वर्षांनी त्या घरी जाऊन "आजी, दिसते का?" असे विचारता येते. पाठपुरावा यंत्राने होत नाही, ओळखीने होतो. १९९० पासून सावंगी मेघे येथेही वैद्यकीय महाविद्यालय आहे. वर्ध्यासारख्या आकाराच्या जिल्ह्यात अशा दोन संस्था असणे ही मोठी संधी आहे.

दुसरा वारसा कुष्ठसेवेचा. नेत्रविद्येच्या इतिहासात तो क्वचितच सांगितला जातो. १९३६ मध्ये मनोहर दिवाण यांनी दत्तपूरला कुष्ठधाम उभारले. कुष्ठरोग झालेले परचुरे शास्त्री सेवाग्रामला आले तेव्हा गांधीजींनी स्वतःच्या हातांनी त्यांची शुश्रूषा केली. १९५१ मध्ये वर्ध्यात गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान स्थापन झाले. डॉ. वार्देकरांनी तिथून घरोघर पाहणी, लोकशिक्षण आणि उपचार यांची सांगड घालणारी पद्धत घडवली. पुढे बहुविध औषधोपचार आला तेव्हा देशात तो आधी सुरू झालेल्या जिल्ह्यांत वर्धा होता.

कुष्ठरोग डोळ्याला कसा गाठतो ते जवळून पाहण्यासारखे आहे. एक नस बाधली की पापण्या मिटेनाशा होतात. दुसरी बाधली की पारपटलाची जाणीव जाते. मग डोळ्यात धूळ जाते, कण रुततो, जखम होते, आणि माणसाला दुखतच नाही. ज्याच्या बोटांचीही जाणीव गेली आहे त्याला हाताने चाचपूनही कळत नाही. दृष्टी हाच त्याचा स्पर्श उरलेला असतो, आणि नेमकी तीच जाते. याची तपासणी मात्र फार साधी. "झोपल्यासारखे हलकेच डोळे मिटा," असे म्हणायचे आणि टॉर्चच्या उजेडात पापण्यांमध्ये फट राहते का ते पाहायचे. फट दिसली तर रात्रीचे मलम, दिवसा चष्मा, पापण्यांचा व्यायाम, गरजेला लहानशी शस्त्रक्रिया. एवढ्याने डोळा वाचतो. जखम होण्याआधी घरी जाऊन पाहायचे, हा धडा नेत्रविद्येला कुष्ठकार्यकर्त्यांकडून शिकता येतो. वर्ध्याचे या विषयाला सर्वांत मोठे देणे हेच, असे माझे मत आहे.

घरोघर जाऊन मोजण्याची शाखा आता स्वतंत्र शास्त्र झाली आहे. रुग्णालयात बसलेल्याला आलेलेच दिसतात, न आलेले दिसत नाहीत. नागपूरच्या सूरज नेत्र संस्थेचे डॉ. विनय नांगिया यांनी हायडेलबर्गचे प्रा. योनास यांच्यासह २००६ ते २००९ या काळात नागपूरजवळच्या आठ खेड्यांत तिशीपुढच्या ४,७११ माणसांचे डोळे तपासले. आपल्या काळ्या मातीतल्या माणसाच्या डोळ्याची लांबी, दाब, नस यांची मापे त्यातून जगाच्या ग्रंथांत गेली. त्याआधी ही मापे आपण परक्यांच्या डोळ्यांवरून उसनी घेत होतो.

देशभरच्या पाहण्यांचे आकडे वाचताना मात्र वाचकाने सावध राहावे. २००६-०७ मध्ये एक टक्का असलेले अंधत्व २०१५-१९ च्या पाहणीत ०.३६ टक्क्यावर आले. सुधारणा खरी आहे. पण मधल्या काळात मोजपट्टीही बदलली. निरोगी डोळ्याला साठ मीटरवरून दिसणारी खूण सहा मीटरवरूनही न दिसणारा आधी अंध धरत, २०१७ पासून तीच खूण तीन मीटरवरूनही न दिसणारा. २०१५-१९ च्या त्याच पाहणीत पन्नाशीपुढच्या अंधत्वाचे ६६.२ टक्के कारण मोतीबिंदूच आहे, आणि ७.२ टक्के कारण आहे मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेतील गुंतागुंत. उपचारच अंधत्वाच्या पहिल्या तीन कारणांत यावा, याने आम्हा सर्व शल्यचिकित्सकांची झोप उडायला हवी. माझी उडाली आहे.

काही शत्रू मागे हटले. १९७० पासून मुलांना जीवनसत्त्व अ चे डोस मिळू लागले, गोवराची लस आली. २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतात खुपऱ्या ही सार्वजनिक आरोग्याची समस्या उरली नसल्याचे मान्य केले.

मग आज हे पुस्तक का? कारण आजार बदलले आणि आपली सवय बदलली नाही. मोतीबिंदूने शिकवले की दिसेनासे झाले की जावे, ऑपरेशन केले की दिसते. मधुमेहाच्या पडद्याला आणि काचबिंदूला हे शहाणपण चालत नाही. काचबिंदूत नजर कडेकडून जाते, समोरचे अक्षर शेवटपर्यंत दिसत राहते. दिसेनासे झाल्यावर आलेल्या माणसाला आम्ही उरलेले राखण्यापलीकडे काही देऊ शकत नाही. "बाबा, दोन वर्षांआधी या लागत होते," हे वाक्य बोलताना जीभ जड होते. मधुमेहींच्या पडद्याचे छायाचित्र मोबाइलला जोडलेल्या कॅमेऱ्याने घेऊन संगणकाकडून जागच्या जागी वाचून घेण्याचा प्रयोग मुंबई महापालिकेच्या दवाखान्यांत झाला, त्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले आणि ते आशादायक आहेत. विदर्भात सिकलसेल आहे, नागपूरहून १९५८ मध्येच त्याची नोंद झाली. हा आजारही पडद्याच्या शिरा बुजवतो, आणि आपल्याकडच्या सिकलसेलच्या किती मुलांचा पडदा कोणी पाहिला असेल? डोळ्याच्या आजारावरच्या जनुकीय उपचाराचे पहिले औषध अमेरिकेत २०१७ मध्ये मान्य झाले. त्यावरही पुस्तकात लिहिले आहे, परंतु हात राखून.

शेतातल्या इजेबद्दल मात्र हात राखला नाही. तुरीची काडी, कपाशीचे पान, सोयाबीनच्या मळणीचा भुसा डोळ्याला लागतो. माणूस दोन दिवस तसाच राहतो, कोणी रुईचा चीक सुचवतो, मेडिकलमधून लालीचे ड्रॉप येतात. त्यात स्टेरॉइड असले आणि काडीबरोबर बुरशी गेली असली, तर ते ड्रॉप बुरशीला खतपाणी ठरतात. आठवडाभरात काळ्या बुबुळावर राखाडी, पिसासारख्या कडांची जखम. ती खरवडून काचपट्टीवर पोटॅशचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली धरली तर बुरशीचे तंतू काही मिनिटांत दिसतात. नेटॅमायसिन हे जुने औषधच नव्या महाग औषधापेक्षा सरस असल्याचे दक्षिण भारतातल्या मोठ्या चाचणीने २०१३ मध्ये दाखवले. पण त्याहून मोलाचे काम नेपाळात भक्तपूरला झाले. गावातल्याच स्वयंसेवकांनी डोळ्याला ओरखडा गेलेल्यांना तीन दिवस साधे प्रतिजैविक मलम लावले. ज्यांना ते १८ तासांच्या आत लागले त्यांच्यापैकी कोणाचाही ओरखडा चिघळला नाही. आशाताईच्या पिशवीत मावेल एवढे ते औषध आहे. कापसाच्या या जिल्ह्यात असे काम गावोगाव उभे राहावे, ही माझी उघड मागणी आहे.

पुस्तकाबद्दल थोडे. हे पाठ्यपुस्तक नाही आणि घरगुती उपचारांची पोथीही नाही. कोणता शोध कुठे लागला यापेक्षा तो आपल्या गावच्या डोळ्यापर्यंत पोचला का, वाटेत कुठे अडला, आणि पोचल्यावर कोणी परत जाऊन विचारले का, यावर भर आहे. शक्य तिथे रुग्णाच्या तोंडचाच शब्द ठेवला आहे. जिथे मराठी शब्द नव्हता तिथे डॉक्टरांच्या तोंडचा इंग्रजी शब्द देवनागरीत घेतला, अवघड संस्कृत शब्द घडवला नाही. शल्यचिकित्सक म्हणून माझा ओढा मोतीबिंदूकडे आहे. लहान मुलांच्या तिरळेपणावर आणि दूरच्या चष्म्यावर त्यामुळे कमी लिहिले गेले. ती बाजू कोणा तरुण सहकाऱ्याने भरून काढावी.

वाचकाला एक विनंती. घरात कोणाचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले असेल, तर आज त्यांना भिंतीवरच्या कालनिर्णयासमोर बसवा. आधी उजवा डोळा तळहाताने झाका, मग डावा, आणि प्रत्येक डोळ्याने तारीख वाचायला सांगा. एका डोळ्याने वाचता आली नाही, तर चष्मा बदलायचा असेल, मागचा पडदा किंवा नस बिघडली असेल, किंवा बसवलेल्या भिंगामागची झिल्ली धूसर झाली असेल. या शेवटच्या तक्रारीचा उपाय लेझरने काही मिनिटांत होतो. त्यांना दवाखान्यात घेऊन जा, आणि ऑपरेशनचा कागद सोबत न्यायला विसरू नका.